तांब्याचे पंख

फार मागे, नदीकाठच्या एका गावात सुगंधाक्का तांबटीण घारीचं शिल्प घडवत होती. अंग शिसवीच्या लाकडात कोरून झालं होतं, राहिले होते तांब्याचे पंख. तिच्या हातोडीला मोठा अभिमान होता, की उभ्या जन्मात आपला एकही घाव चुकला नाही.

पत्रा एकच होता. ठोकता ठोकता त्यावर पीस न् पीस उमटू लागलं, तशी हातोडी हरखून गेली.

तेवढ्यात पत्रा कण्हत म्हणाला, "थांब गं बाई. मार खाऊन खाऊन मी ताठरलोय. आता भट्टीत मऊ झालो नाही, तर पुढच्या घावाला चिरेन."

"मग आक्काला सांग की!"

"माणसांना आपलं बोलणं कुठं ऐकू येतं?"

आक्काचा हात तर वर गेलेला. हातोडीने मन घट्ट केलं आणि दांड्यातून स्वतःला सोडवून घेतलं. ती घरंगळत अंगणात जाऊन पडली.

"ऐन वेळी दगा दिलास ना!" आक्का करवादली. मग तिने पत्र्याला सहज टिचकी मारली. तो काचेसारखा खणखणला. आक्का चपापली आणि तिने घाईघाईने पत्रा निखाऱ्यांवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पंख बसले. नदीवरून वारा आला, पातळ तांबं थरथरलं आणि इतके दिवस मुकं असलेलं लाकूड बोललं, "मी झाड असताना घारी माझ्यावरून जायच्या. त्यांना हे असं वाटायचं होय?"

हातोडी अवाक् होऊन बघत राहिली. शिल्प ओट्यावरच होतं, पण त्याची सावली पाण्यावरून पलतीराला निघाली होती.