डिजिटल डबा आणि हळदीची ढोलकी

गिटारचा ॲम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागायची, ते दिवस सरत आले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका ऑर्केस्ट्रात बटणांचा एक छोटा डिजिटल डबा आला. कुठल्याही ॲम्प्लिफायरच्या आवाजाची तो हुबेहूब नक्कल करी. गिटारला एकटीला खोलीत बसवून त्याने हेडफोनवर तिचा आवाज ठरवला: भरपूर बेस, भरपूर घुमारा, वरून एकोची फोडणी. गिटार हरखून गेली. "अगं बाई, ही मी?"

हळदीच्या कार्यक्रमात ढोलकी सुरू झाली आणि गिटार गायबच झाली. "अरे, मी ऐकूच येत नाहीये!" ती घाबरून ओरडली. डब्याने घुमारा आणखी वाढवला. आता ती विहिरीत पडल्यासारखी वाटू लागली.

ढोलकी डब्यावर वैतागली. "बेस माझा आहे, तो सोड! आणि ती फोडणी काढ आधी. ठरवलंस एकट्याने, पण वाजतोयस आमच्यात."

डब्याने कुरकुरत एकेक बटण बंद केलं. गिटार खणखणीत वाजली आणि नवरीच्या आत्यांनी नाचायला पदर खोचले.

परतताना डबा हिरमुसून म्हणाला, "मग माझ्यात एवढं सगळं भरलंय कशाला?"

ढोलकी म्हणाली, "दुकानात गिऱ्हाईक भुलवायला."