उराशी धरलेली वाफ

आटपाट खण होता. त्यात हवेतला ओलावा मोजणारे दोन सेन्सर राहायचे, एक निळा, एक पांढरा. शेजारची सिलिका जेलच्या दाण्यांची पुडी मात्र खणातला सगळा ओलावा पिऊन टाकायची. निळा ओलाव्यासाठी झुरायचा.

एके दिवशी वैजूताई अळिंबी वाढवायच्या खोलीसाठी सेन्सर निवडायला बसल्या. तारा जोडून त्यांनी दोघांवर तोंडाची वाफ सोडली. दोघांचाही आकडा नव्वदवर चढला. पांढऱ्याचा हळूहळू उतरला. निळ्यानं मात्र ती वाफ उराशी धरून ठेवली.

“अरे, सोड की आता!” पांढरा कुजबुजला.

“कशी सोडू? जन्मभर हिचीच वाट पाहिली.”

“हा नव्वदवरच अडून बसलाय,” वैजूताई म्हणाल्या. “याला पुढचं कसं कळायचं?”

त्या पांढऱ्याला घेऊन गेल्या. निळा पुन्हा खणात आला, आणि पुडीनं ती वाफही पिऊन टाकली.