माघाऱ्या धोंडा

मळगावाहून नांदरपेठेला जाताना बरडीच्या माथ्यावर एक काळा धोंडा लागतो. त्यावर मोगऱ्याची सुकलेली फुलं दिसली तर चुकूनही पाय लावू नका. देव नाही तो. त्याला शेंदूर नाही, नवस नाही. तरी पेठेतली माणसं तिथून जाताना मान खाली घालतात, आणि त्याला कारण उखा माळी, असं सांगतात.

उखाचा मळगावात मोगऱ्याचा मळा होता. बायको लवकर गेली, मागे एकुलती लेक, मथुरा. ती नांदरपेठेत दिली. बापाने लेकीच्या सासरी ऊठसूट जाऊ नये, अशी तेव्हाची रीत. उखाला करमेना. मग त्याने तोड काढली. झिपरू नावाचा गडी पेठेत दूध घालायला जायचा. त्याच्याजवळ उखा रोज केळीच्या ओल्या सोपटात कळ्या बांधून द्यायचा. मथुरा त्यातली एक परत धाडायची. दिवस कलता झिपरू माघारी येई, तोवर ती उमललेली असायची. ते फूल हातात पडलं की लेक सुखात आहे असं समजून उखा भाकरीला बसायचा.

एका वर्षी चैत्राच्या मध्यावर मथुरेने सांगावा धाडला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, न्यायला या. ऐन लग्नसराईत मळा कुणावर सोडणार? यंदा जमायचं नाही, असा उखाने उलट निरोप दिला. दुसऱ्या दिवशी फूल आलं नाही.

"आज फूल नही, आबा," एवढंच झिपरू बोलला.

त्याने मथुरेच्या दाराला कडुलिंबाच्या डहाळ्यांचा टाळा बांधलेला पाहिला होता. घरात देवीचा ताप आला की असा टाळा बांधत. देवी जाईपर्यंत त्या घरातली काडीही बाहेर द्यायची नाही. बाहेर तिचं नावही काढायचं नाही, नाहीतर ती बोलणाऱ्याच्या मागे येते, असा समज होता. झिपरूच्या घरी तान्ही लेकरं होती. तो ओट्यावर फुलं ठेवायचा आणि गप्प राहायचा. त्याला तरी काय म्हणावं?

फूल पुढेही येईना. "रुसनी व्हई पोर. रुसू दे," उखा म्हणाला. पण घास गिळेना, तेव्हा एके सकाळी स्वतःच कळ्या घेऊन निघाला. बरडी चढला. या धोंड्यापाशी उभा राहिला. इथून मथुरेच्या घराची कौलं दिसतात, तुम्हीही बघा. तिथे त्याला वाटलं, बापाने लेकीची मनधरणी करायला जायचं? व्याही काय म्हणतील? त्याने कळ्या धोंड्यावर टाकल्या आणि माघारी फिरला. त्या दिवसापासून त्याने फुलं धाडणंही बंद केलं. पुरुषाच्या जातीला हा ताठा कुठून येतो, कोण जाणे.

आखाजीच्या तोंडावर मथुरेची सासू मळ्यात आली आणि बांधावरच मटकन बसली. मथुरा गेली होती. फोडांनी तिचे डोळे मिटले होते, पण मोगरा वासावरून कळायचा. रोज त्यातलं एक फूल ती पदराच्या गाठीत ठेवायची. देवी गेली की सगळी एकदम बाबांना धाडीन, म्हणायची. मग फुलं यायची थांबली.

"रोज इचारे, बाबानं फूल वनं का?" सासू म्हणाली. "शेवटी म्हणे, बाबा रुसना वाटस."

तिने ती गाठ उखाच्या हातात दिली. उखा रडला नाही, म्हणे. तो तसाच बरडी चढला आणि ती वाळकी फुलं त्याने धोंड्यावर ठेवली. पुढे जगला तोवर तो पेठेत घरोघर फुलं धाडत राहिला. ज्या घरून फूल परत आलं नाही, तिथे संध्याकाळी स्वतः जाऊन उभा राहायचा, घर ओळखीचं असो की नसो.

त्या धोंड्यापाशी चैत्रात मोगऱ्याचा वास येतो, असं म्हणतात. मला कधी आला नाही.

पण आजही मळगावाहून नांदरपेठेत कुणाला ताजी फुलं धाडली की त्यातलं एक परत येतं. आता पेठेत फुलांचं दुकान झालं, घरोघरी फोन आले, तरी येतं. आणि दिवस मावळेतो आलं नाही, तर धाडणारा चपला घालतो आणि निघतो. भांडण असलं तरी निघतो. बरडीवर दम लागला तरी या धोंड्यापाशी कुणी थांबत नाही.