जावांच्या टाक्यावर फणी का चालत नाही

सांभाळून उतरा, पायऱ्यांना शेवाळ आहे. हे वरखिंडीचं जावांचं टाकं. अख्ख्या कातळात खोदलेलं, आणि भर उन्हाळ्यातही पाणी बघा कसं टाक्यातल्या वरच्या पायरीला टेकलंय. प्या, तोंड धुवा, कुणी काही म्हणणार नाही. फक्त बाई, ती पिशवीतून डोकावणारी फणी आत ढकला. इथे फणी काढायची नाही. उवा झालेल्या पोरीलासुद्धा इथे कुणी फणी लावत नाही. का, त्याची एक हकिकत सांगतात. खरीखोटी आमच्या देवीला, खिंडजाईला ठाऊक.

गावात तेव्हा मोकाशांचं घर मोठं होतं. चैत्रातल्या जत्रेला देवीच्या अंघोळीचं पाणी याच टाक्यातून जायचं आणि ती कळशी डोक्यावर घ्यायचा मान मोकाशांच्या सुनेचा. केस मोकळे सोडून, कपाळभर कुंकू लावून ती या पायऱ्या चढायची, आणि दोन्ही अंगांना सारं गाव हात जोडून उभं असायचं.

हा मान थोरलीकडे होता. बयजा तिचं नाव. रूपानं बेताचीच, पण केस गुडघ्यापर्यंत, सरळ, काळेभोर. घरात तिला कुणी वाईट वागवत नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. चूल, गोठा, पाणी, पुन्हा चूल. वर्षातून एकदा कळशी डोक्यावर आली, की गाव तिच्याकडे बघायचं. तेवढ्यावर बिचारी उरलेलं वर्ष काढायची.

मग धाकट्याचं लग्न झालं आणि घाट चढून कोकणातली धुरपा सून म्हणून आली. तिचे केस कुरळे. असेतसे नव्हेत हो! करंगळीला गुंडाळून अलगद सोडावी, तशी एकेक बट. उंबऱ्यावर पदर जरा सरकला आणि सासूनं तोंडावर हातच ठेवला. "अगं बाई! ही तर आपली खिंडजाईच आली की घरात!" देवीचा पितळी मुखवटा तुम्ही वर देवळात पाहिला असेल. कपाळावर अशाच बटा आहेत त्याला. झालं, त्या दिवसापासून जो तो तेच म्हणायचा. नव्या सुनेला ओवाळताना बयजा तोंडभर हसली, पण आतल्या आत तिचा जीव जळत होता.

धुरपाचा केस धुवायचा दिवस आला, की बयजा गोठ्याआडून बघत बसायची. जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून धुरपा त्याचा बुळबुळीत लगदा करायची. तो डोक्याला लावायची, पण चोळायची म्हणून नाही. गुंता सोडवायचा तो केस ओले असतानाच, बोटांनी, टोकाकडून वर. मग जुन्या मऊ लुगड्यानं पाणी टिपायचं, अळशीचं चिकट पाणी लावायचं आणि एकेक झुपका मुठीत धरून वर दाबायचा. पुढे केस वाळेपर्यंत हात म्हणून लावायचा नाही. फणी तर तिच्या पेटीत नव्हतीच. "आमच्या घरी सगळ्यांचे असेच केस, आक्का," ती सांगायची. "फणी लावली की रागावतात."

बयजाला वाटलं, ही नक्की काहीतरी करणी आहे. मग एके दिवशी तिनंही गुपचूप तसंच केलं. पानं, अळशी, मुठीत दाबणं, सगळं. सरळ केसांचं काय होणार? डोक्याला चिकटून लोंबायला लागले. सासू म्हणाली, "बयजे, डोक्यावर पिठलं सांडलं का काय गं?" सगळं घर हसलं. धुरपाही हसली, अगदी निर्मळ मनानं. पण बयजाच्या काळजात ते हसणं काट्यासारखं रुतलं.

त्यातच जत्रा जवळ आली आणि जेवताना सासू सहज बोलून गेली, "यंदा कळशी धाकटीला घेऊ दे. देवीचंच रूप आहे ते." मीठ पुढे सरकव म्हणावं, इतकं सहज. बयजा "बरं आत्याबाई" म्हणाली. मला काय उरलं मग? रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ती धुरपाला म्हणाली, "जत्रेपर्यंत तुझे केस मी धुते गं. कळशीच्या मानकरणीला आमच्याकडे वेगळं न्हाऊ घालतात." धुरपा किती हरखली! माहेर सुटल्यापासून तिचं डोकं कुणी मायेनं हातात घेतलं नव्हतं. ती पाठमोरी बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

बयजानं कढत पाण्यात पापडखार विरघळवला होता. त्या पाण्यानं तिनं ते केस खसाखसा चोळले. उन्हात कडकडीत वाळवले. मग शिंगाची बारीक दातांची फणी घेतली आणि टाळूपासून खाली ओढली. केस तटातट तुटत होते. धुरपाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं हूं का चूं केलं नाही. देवीचं न्हाणं असंच असेल, असं तिला वाटलं. जत्रेपर्यंत दर न्हाणाला हेच चाललं. शेवटी कानाच्या वर कसाबसा चोथा उरला, उसाच्या चिपाडासारखा. धुरपा म्हणाली, "आक्का, देवीला मी नको आहे. मी माहेरी जाते." तेव्हा बयजाला बोलता आलं असतं. पण बाई मूग गिळून बसली.

जत्रेच्या सकाळी कळशी पुन्हा बयजाकडे आली. केस मोकळे सोडून ती या पायऱ्या उतरली आणि इथे, टाक्यातल्या वरच्या पायरीशी वाकली. आणि म्हणे, पाणी एक पायरी खाली गेलं. तिला वाटलं भास झाला. ती एक पायरी उतरली, पाणी आणखी एक उतरलं. ती उतरत गेली आणि पाणी तिच्यापुढून सरकत गेलं, पार तळाच्या चिखलात बयजा उभी राहीपर्यंत. वरून गुरव ओरडला, "बयजे, काय केलंस गं?"

तिनं वर पाहिलं. सारं गाव काठावरून तिच्याकडे बघत होतं. एकटक. गर्दीत धुरपा होती, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली, काखेत गाठोडं.

"मी जळले!" बयजा तळातून ओरडली. "हिच्याकडे सगळे बघतात, ते मला बघवलं नाही. पापडखार मी घातला. फणीनं केस मी तोडले. देवीनं नाही, मी!"

गावाला वाटलं, आता धाकटी हिच्या झिंज्या उपटणार. धुरपा गाठोडं टाकून खाली उतरली. "तुझ्या रडण्याचं मी काय करू?" ती म्हणाली. "मला माझे केस पाहिजेत. तू घालवलेस, तूच आण."

बयजानं तिथल्या तिथे देवीची शपथ घेतली. धुरपाचे केस पहिल्यासारखे होईपर्यंत ते आपण धुवायचे, ती सांगेल तसेच, याच टाक्यावर. आणि तोवर स्वतःच्या केसांना फणी लावायची नाही. शपथ तोंडातून निघाली तेव्हा कुठे तळाशी पाण्याचा झरा लागला, आणि तोही घोट्याएवढाच.

पुढची गोष्ट गावाला फार जड गेली. पाणी वाढायचं ते धुरपाच्या केसांबरोबर. केस बोटभर आले, की पाणी पायरीभर चढायचं. बयजाचा हात जरा जोरात पडला, मनात विष आलं आणि गुंता हिसडला गेला, की दुसऱ्या दिवशी हंडे अर्धेच भरायचे. मग काय, न्हाणाच्या दिवशी अख्खं गाव काठावर बसून बयजाची बोटं बघायचं. "हळू गं बये, हळू!" म्हातारेकोतारेसुद्धा ओरडायचे.

आणि बयजाचं जळणं संपलं होतं म्हणता? छे! उलट वाढलं. आपल्याच हातानं जास्वंद कुस्करायची, आपल्याच बोटांनी गुंता सोडवायचा, आणि त्यातून जी बट वर यायची ती पहिलीपेक्षा देखणी. तिचे स्वतःचे गुडघ्यापर्यंतचे केस बिनफणीचे राहून त्यांची जट झाली आणि शेवटी ती कापावी लागली. कितीदा तरी तिच्या मनात आलं असेल, ही बट धरावी आणि मुळापासून उपटावी. तशी ती बोटं आवळायचीसुद्धा, म्हणे. मग सुस्कारा टाकून पुन्हा टोकाकडून सुरुवात करायची.

कितीतरी जत्रा गेल्या आणि एका चैत्रात पाणी वरच्या पायरीला लागलं. बयजानं कळशी भरली आणि आपल्या हातानं धुरपाच्या डोक्यावर ठेवली. दोन्ही अंगांना गाव हात जोडून उभं होतं आणि एकही नजर बयजाकडे नव्हती.

धुरपानं हळूच विचारलं, "आता तरी नाही ना जळत, आक्का?"

"जळते तर!" बयजा म्हणाली. "मान सरळ धर, पाणी सांडेल."

आजही जत्रेच्या आदल्या दिवशी वरखिंडीच्या बायका केस सोडून इथे ओळीनं बसतात. जिला जिचा हेवा वाटतो, तिनं तिच्या मागे जाऊन बसायचं आणि तिचे केस धुवायचे, जास्वंदीच्या पानांनी, बोटांनी, हळूच. कशाचा हेवा, ते विचारायचं नाही. पुढचीनं वळून बघायचं नाही. कुणाच्या मागे दोघी-तिघी बसतात, मग तिची मान बघा कशी ताठ होते! आणि जिच्या मागे कुणीच येत नाही, ती बाई सगळ्या घरी गेल्या तरी ओले केस तसेच सोडून पायरीवर बसून राहते.