सहा लाखांचा पिवळा डबा

मुरूमटेक नावाच्या गावात एक पोकलेन होतं. चेनवर चालणारं, माती खणायचं, पिवळं मशीन. त्याला दोन मालक होते. यात मशीनची काही चूक नव्हती.

थोरला दुर्गाप्पा धोत्रे आणि धाकटा तिम्मा धोत्रे. वडील होते तोवर मशीन वडिलांचं होतं आणि भावांचं एकमेकांशी बरं चाललं होतं. मग वडील गेले. भावांनी घर वाटून घेतलं. भांडी वाटून घेतली. एकाला म्हैस, एकाला रेडकू आणि वर पाण्याची मोटर, असंही जमवलं. पोकलेन मात्र मधोमध कापता येत नाही. तिम्माने तरी वेल्डरला विचारून घेतलं होतं.

शेवटी असं ठरलं, की एकाने मशीन ठेवायचं आणि दुसऱ्याला निम्मी किंमत द्यायची. आता फक्त किंमत ठरवायची बाकी होती. एवढंच.

त्यासाठी कोंडिबा आबांना बोलावलं. आबा आधी बैलांची पारख करायचे. बाजारात बैल कमी झाले आणि मशीनं वाढली, तसे आबा मशीनं बघायला लागले. सामान तेच होतं. एक छोटी हातोडी आणि एक टॉवेल. हातोडी ठोकून बघायला. टॉवेल भाव करायला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, टॉवेलखाली हात घालून बोटं दाबतात. आबांकडे एक बोट म्हणजे एक लाख आणि अख्खा पंजा म्हणजे पाच.

आबा सकाळी नऊला आले. टॉवेलखाली डावा हात दुर्गाप्पाकडे केला, उजवा तिम्माकडे, आणि म्हणाले, तुमच्या मते काय किंमत, दाबा.

दुर्गाप्पाला मशीन ठेवायचं होतं. त्याने एक पंजा आणि तीन बोटं दाबली. आठ. तिम्माला पैसे घेऊन मंडपाचा धंदा टाकायचा होता. त्याने पंजा चार वेळा दाबला. वीस. इतक्या जोरात दाबला, की आबांचं बोट संध्याकाळपर्यंत दुखत होतं.

मग दुर्गाप्पा मशीनबद्दल बोलायला लागला. मशीन सडलेलं आहे, धूर मारतं, तेल पितं, माती बघून घाबरतं. तिम्मा म्हणाला, अण्णाला काय माहीत, मशीन नवरीसारखं आहे, मीटर बघा, फक्त सहा हजार तास चाललंय.

आबांनी दोघांना बाजूला बसवलं आणि ऑपरेटरला हाक मारली.

ऑपरेटरचं नाव हुसेनभाई. मशीन गावात आलं त्या दिवसापासून, म्हणजे तेरा वर्षं, त्या सीटवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. वय छप्पन्न. आता दुसरीकडे नव्याने कोण कामाला घेणार, ही त्याची काळजी होती. भावांना ती माहीत होती. म्हणून सकाळीच दुर्गाप्पाने त्याला गाठून सांगितलं होतं, की आबांना मशीन खराब आहे म्हण, मशीन माझ्याकडे आलं की सीट तुझी. नाहीतर दुसरा माणूस बघतो. थोड्या वेळाने तिम्मा आला. आबांना मशीन एक नंबर आहे म्हण, नाहीतर या गावात तुला कोण काम देतं ते मी बघतो.

हुसेनभाई दोघांनाही म्हणाला, "मालक, आबा विचारतील तेव्हा बघू."

आबांनी मशीन सुरू करायला लावलं. धूर बघितला. बकेट जमिनीला टेकवून मशीनची एक बाजू उचलायला लावली आणि वर उचललेली चेन हवेत फिरवायला सांगितली. रोलर ठोकले. बकेटच्या पिना हलवून बघितल्या. जमिनीवर उताणे झोपून खालून बघितलं. साडेबाराला उठले तेव्हा आबा अर्धे काळे झाले होते. दुपारी सांगतो म्हणाले आणि जेवायला गेले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण आबा जेवत असताना मोटारसायकलवरून एक जण आला आणि म्हणाला, मुरूमटेकच्या तळ्यातला गाळ काढायचं काम मंजूर झालं, चाळीस दिवसांचं काम आहे. तिम्माच्या डोळ्यांपुढून मंडप गेला आणि तळं आलं. आता त्याला मशीन हवं झालं. दुर्गाप्पाने विचार केला, याला एवढं हवंच आहे तर महागात घालू याच्या गळ्यात.

दुपारी आबांनी पुन्हा टॉवेल पसरला. दुर्गाप्पाने पंजा चार वेळा दाबला. तिम्माने एक पंजा आणि तीन बोटं.

आबांनी आधी आपले हात तपासले. डावा-उजवा उलटा तर झाला नाही ना, ते बघितलं. नव्हता झाला.

दुर्गाप्पा म्हणाला, मशीन नवरीसारखं आहे. तिम्मा म्हणाला, अण्णाला काय माहीत, धूर मारतं, तेल पितं. मशीन सकाळी होतं तिथंच उभं होतं. त्यावर फक्त एक कावळा नवीन बसला होता.

तेवढ्यात दोघं भाऊ पाणी प्यायला म्हणून आळीपाळीने हुसेनभाईकडे जाऊन आले. सकाळी जे सांगितलं ते विसर, आता उलटं सांग. नाहीतर सीट गेली.

चार वाजता कळलं, की मंजूर झालेलं तळं दुसऱ्या मुरूमटेकचं आहे. दोन तालुके पलीकडचं. तिम्माला पुन्हा मंडप आठवला. दुर्गाप्पाला पुन्हा मशीन हवं झालं. दोघांनी टॉवेलखाली हात घातले.

आबांनी टॉवेल काढून घेतला.

"तीस वर्षं बैल बघितले," आबा म्हणाले. "सकाळचा बैल संध्याकाळी निदान तोच बैल असायचा."

मग त्यांनी टॉवेल हुसेनभाईसमोर धरला. म्हणाले, समज, हे मशीन तू विकत घेणार आहेस, काय देशील? हुसेनभाईने दोनदा पंजा दाबला आणि वर एक बोट. अकरा. आबा म्हणाले, आता समज मशीन तुझंच आहे आणि तुला विकायचंय, काय घेशील? हुसेनभाईने दुसऱ्या हाताने डोळे पुसले. पण टॉवेलखाली अकराच दाबले.

आबांनी कारण विचारलं. हुसेनभाईने एका दमात सांगितलं. इंजिन चांगलं आहे. डावी चेन संपत आलीय, पिना ढिल्या आहेत. मीटर सहा वर्षांपूर्वी बंद पडलं, ते सहा हजारावर अडकलंय. खरं मशीन चाललंय बारा हजार तास.

"कशावरून?" आबांनी विचारलं.

हुसेनभाईने केबिनचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या बारीक उभ्या ओळी होत्या. दर अडीचशे तासांनी इंजिनचं ऑइल बदलायचं आणि एक ओळ मारायची, ही त्याची पद्धत. मीटर बंद पडल्यावर तो रोजचे तास मोजून ठेवायचा आणि अडीचशे भरले की ओळ मारायचा. तेरा वर्षांत एकही ओळ चुकली नव्हती. आबांनी मोजल्या. अठ्ठेचाळीस.

"इंजिन एवढं गोड का वाजतंय ते आत्ता कळलं," आबा म्हणाले. "माझेही अकराच झाले होते."

ते भावांकडे वळले. किंमत अकरा. दुर्गाप्पा, तू थोरला, तू आधी निवड. मशीन घे, नाहीतर साडेपाच लाख घे.

दुर्गाप्पा विचारात पडला. मशीन घ्यायचं तर अकरा फार होते. पैसे घ्यायचे तर अकरा फारच कमी होते. आबांनी तिम्माला विचारलं. तिम्मालाही नेमकी हीच अडचण होती. आबांनी चहा गार होईपर्यंत वाट बघितली. मग गार चहा प्यायला, हातोडी उचलली आणि निघून गेले.

वडील गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा भावांचं एकमत झालं. तेही दोन गोष्टींवर. एक, मशीन बाहेरच्या माणसाला वीस लाखांना विकायचं. दोन, हुसेनभाईला काढायचं. मशीन विकलं, की त्याच दिवशी.

विकायचं म्हणजे मशीन नवं दिसायला हवं. तिम्माने पिवळ्या रंगाचा मोठा डबा आणला आणि रंगारी बोलावला.

हुसेनभाई म्हणाला, "मालक, बाहेरून काय हवा तो रंग द्या. केबिनच्या दाराला आतून देऊ नका."

"का?"

"तिथं ओळी आहेत."

"तीच तर भानगड आहे," दुर्गाप्पा म्हणाला. "मीटर सहा हजार म्हणतंय आणि दार बारा हजार म्हणतंय. दाराला गप्प करा."

रंगारी प्रामाणिक माणूस होता. घासल्याशिवाय तो रंग देत नसे. त्याने सँडपेपर घेऊन दार आतून असं घासलं, की खालचा पत्रा चमकला. मग दोन हात रंग दिला. त्या सगळ्या व्यवहारात आपलं काम नीट केलेला तो दुसरा माणूस. पहिला बाजूला उभा राहून बघत होता.

चार दिवसांनी कलावतीबाई सोनटक्के आल्या. त्यांची खडीची खाण होती आणि अशी चार मशीनं होती. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. डावी चेन बघितली, मान हलवली, आणि सरळ वर चढून केबिनचं दार उघडलं.

"ओळी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कसल्या ओळी?" दुर्गाप्पा म्हणाला.

बाई म्हणाल्या, "आबांनी मला सांगितलंय. अठ्ठेचाळीस ओळी आहेत म्हणून. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं मशीन या भागात मिळत नाही. त्या ओळींसाठी मी अकरा लाख घेऊन आलेय."

दोघा भावांनी दाराकडे बघितलं. दार फारच सुंदर झालं होतं.

"आणि चाललंय किती?" बाईंनी विचारलं.

"सहा हजार," तिम्मा म्हणाला. सवयीने.

दुर्गाप्पाने त्याला कोपर मारलं. "नाही नाही, बाई. बारा हजार. मीटर खोटं आहे. आईशपथ, बारा हजार तास चाललंय."

तिम्माच्याही डोक्यात उजेड पडला. "बारा काय, जास्तच असेल," तो म्हणाला. "फार वापरलंय हो बाई आम्ही."

आपलं मशीन आपण सांगतो त्यापेक्षा दुप्पट जुनं आहे, हे पटवायला दोन माणसं हातापाया पडतायत, हे बाईंनी धंद्यात पहिल्यांदाच बघितलं. तिम्मा नाण्याने दार खरवडायला लागला. पिवळा रंग निघाला. त्याखाली पत्रा निघाला. ओळ एकही निघाली नाही.

बाईंनी हुसेनभाईला विचारलं. तो म्हणाला, अठ्ठेचाळीस.

"तुम्ही खरं बोलताय असं वाटतं," बाई म्हणाल्या. "पण हुसेनभाई, तुम्ही आज यांचे पगारी आहात. नुसत्या शब्दावर एवढे पैसे कसे मोजू? ओळी असत्या तर मोजले असते."

मग त्या भावांना म्हणाल्या, "मी आले तेव्हा सहा हजार होतं. आता बारा झालं. संध्याकाळी अठरा होईल. आणखी म्हातारं व्हायच्या आत पाच लाख देते."

भाऊ नाही म्हणाले. आठवड्यात आणखी तिघं येऊन गेले. पहिल्याने साडेचार सांगितले. दुसऱ्याने चार. तिसऱ्याने मशीन बघितलंच नाही, नवा रंग लांबूनच बघून गाडी वळवली. रविवारी दुर्गाप्पाने कलावतीबाईंना फोन केला.

बाईंनी पाच लाख दिले आणि मशीन नेलं. हुसेनभाईलाही बोलावलं. पगार त्याने सांगितला तोच धरला, घासाघीस केली नाही. खाणीवर पोचल्यावर हुसेनभाईने पहिलं काम काय केलं, तर इंजिनचं ऑइल बदललं आणि दाराच्या आतून एक पांढरी ओळ मारली.

"एकच?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडून एकोणपन्नासावी," तो म्हणाला. "तुमच्याकडून पहिली."

इकडे भावांनी पाच लाख निम्मे निम्मे केले. मग लक्षात आलं, की रंगाचा डबा अर्धा उरलाय. तो कुणी ठेवायचा, यावरून दोन दिवस गेले. दुर्गाप्पा म्हणाला, रंग वाळून गेलाय. तिम्मा म्हणाला, डबा नवरीसारखा आहे. शेवटी असं ठरलं, की एकाने डबा ठेवायचा आणि दुसऱ्याला निम्मी किंमत द्यायची. किंमत ठरवायला त्यांनी कोंडिबा आबांना बोलावलं.

आबा आले नाहीत. न बघताच त्यांनी निरोप पाठवला.

"सहा लाख."

तात्पर्य: घेताना एक आणि विकताना दुसरं सांगणाऱ्याचं खरं कुणी विकत घेत नाही, मग ते कितीही स्वस्त लावलं तरी.