सदतीसाची समजूत

त्या राज्यात कुणालाच ताप येत नसे, कारण तिथला प्रत्येक थर्मामीटर सदतीसच दाखवत असे.

पूर्वी असं नव्हतं. घरातला एकच थर्मामीटर दुधाला, आंघोळीच्या पाण्याला आणि माणसाच्या काखेला चाले. वर्षातून एकदा तो चौकातल्या बर्फाच्या चुऱ्यात बुडवून पाहत. पारा शून्यावर आला तर खरा, नाहीतर मोडीत. बर्फ कुणाची भीड ठेवत नसे. मग एका वर्षी राजवाड्यातल्या थोरल्या थर्मामीटरची पाळी आली. त्याचा पारा कधीचाच सदतीसावर अडकून बसला होता. बर्फातही तो तसूभर हलला नाही. थोरला शांतपणे म्हणाला, "बर्फ कोमट आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लाज कुणालाच वाटली नाही.

त्याच दिवशी बर्फावर बंदी आली. घरोघरचे थर्मामीटर आता थोरल्यापुढे धरून तपासले जाऊ लागले. ज्याचा आकडा जुळत नसे त्याला जुळेपर्यंत झटकत. दरबारी भाषेत याला 'समजूत काढणे' म्हणत. काही त्यात फुटत. बाकीचे समजूतदार होत.

विणकर सगुणाच्या घरचा थर्मामीटर तेवढा तपासणीतून राहिला होता. तिच्या लेकीच्या, शेवंतीच्या काखेत लावला तेव्हा तो सरळ चाळीसावर गेला. औषध हवं तर आधी आकड्यावर शिक्का हवा, असा नियम होता. सगुणा त्याला घेऊन राजवाड्याकडे धावली.

थर्मामीटर वाटभर थरथरत होता. भित्राच होता बिचारा, पण खोटं बोलणं त्याला येत नव्हतं.

"माझ्यात चाळीस आहे," तो थोरल्याला म्हणाला. "तो मी कुठं लपवू?"

"चाळीस असा आकडाच नाही," थोरला म्हणाला.

तिसऱ्या झटक्याला त्याची समजूत पटली. कारकुनाने सदतीसावर शिक्का मारला. "ताप नाही, म्हणजे औषधही नाही. चला, पुढचा."

"अहो, पोरीचं अंग भाजतंय!" सगुणा कळवळून ओरडली. "मी स्वतः हात लावून आलेय."

रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या. कारकुनाने लेखणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत हातांचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कोणता हात?" थोरल्याने विचारलं.

सगुणाने उजवा पुढे केला. त्याचीही समजूत काढण्यात आली. मग तळव्यावर शिक्का मारत कारकुनाने अगदी आदबीने विचारलं, "डाव्याचं काही म्हणणं नाही ना, बाई?"

"नाही," सगुणा म्हणाली.

घरी आली तेव्हा शेवंतीने गोधडी लाथाडून टाकली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. ती पाणी मागत होती, मधेच कुणालातरी हाका मारत होती. सगुणाने तिच्या कपाळावर डावा हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तिने दाराकडे पाहिलं. डावा हात पदराखाली लपवला. मग मनगटातून लोंबणारा उजवा हात कसाबसा उचलून तिने पोरीच्या कपाळावर ठेवला.

"काही नाही झालं गं तुला," ती म्हणाली. "ऊठ. मागावर बस."