अवधाण

माणसाच्या अंगातली मंडळी एकमेकांशी तोंडावर भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. मेंढ्या राखणाऱ्या म्हाळसाक्काच्या छातीत फुप्फुसं होती आणि जांघेत हरभऱ्याएवढी एक गाठ होती.

फुप्फुसं दिवसभर भात्यासारखी चालत आणि गाठीला टोचून बोलत. "आम्ही क्षणभर थांबलो तर म्हाळसाक्का संपली. तू काय करतेस गं? नुसती बसून असतेस!"

"वाटेवर बसलेय, बाबांनो," एवढंच गाठ म्हणायची.

एकदा म्हाळसाक्काच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा काढला, पण जखम चिघळली. मग ती गाठ सुजून लिंबाएवढी झाली आणि अंगात ताप भरला. धाकट्या जावेने तिला घोंगडीवर निजवलं. "आक्का, जांघेत अवधाण आलंय. पाय हलवू नका."

तापाने धापा टाकणारी फुप्फुसं भडकली. "काटा मोडला टाचेत, आणि तू कशाला फुगलीस?"

गाठ कण्हत म्हणाली, "टाचेतले जंतू वर निघालेत. माझ्या पांढऱ्या पेशी त्यांना इथेच अडवून झुंजताहेत. कितीतरी कामी आल्या. जंतू इथून सुटले, तर रक्तातून थेट तुमच्या दारात येतील."

फुप्फुसं पुढे तिला टाकून बोलली नाहीत.

हळूहळू ताप उतरला. जावेने चाचपून पाहिलं आणि ती हसली. "आक्का, अवधाण बसलं!"

ते ऐकून फुप्फुसांनी एक लांब श्वास सोडला. "फार वेळ उभी होतीस, बाई," ती गाठीला म्हणाली. "आता बस."